नवी डिस्क की जुनी? गेमच्या जोडधंद्याचं सरळ गणित



किराणा, कापड आणि मोबाईल अ‍ॅक्सेसरीज यांची गणितं आपण आधीच्या धड्यांत केली. आज माल जरा वेगळा आहे: व्हिडिओ गेमच्या डिस्क. नाव ऐकून काही जण म्हणतील, "सर, हा मुंबई-पुण्याचा धंदा, आपल्या बुलढाण्यात कोण घेणार?" पण आजूबाजूला नीट बघा. शेगाव, चिखली, मलकापूरला इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, होस्टेल आहेत. पुण्याला शिकणारी, नोकरी करणारी पोरं दिवाळीला गावी येतात, तेव्हा काहींच्या बॅगेत प्लेस्टेशन असतं. आणि ज्याच्याकडे प्लेस्टेशन आहे, त्याच्या कपाटात खेळून संपलेल्या दोन-चार डिस्क धूळ खात पडलेल्या असतात. त्या धुळीतच आपला आजचा धडा आहे.

प्रश्न साधा आहे. हातात साठ हजार रुपये आहेत, मोबाईल दुकानाच्या काउंटरवर गेमचा जोडधंदा टाकायचा आहे. नवा सीलबंद माल भरायचा की लोकांकडून जुन्या डिस्क घेऊन विकायच्या?

हे साठ हजार कुठून येतात, ते आधी ध्यानात घ्या. कुणाकडे सोयाबीनचे आलेले असतात, कुणी आईच्या पाटल्या तारण ठेवलेल्या असतात. माल अडकला तर पुढच्या पेरणीला हात आखडतो. म्हणून आज आवड बाजूला ठेवू आणि कागद-पेन घेऊ.

१. ग्राहक नेमकं काय विकत घेतो?

कोणताही माल विकण्याआधी तो काय आहे हे कळायला हवं. गेम आज तीन रूपांत मिळतो.

पहिलं रूप म्हणजे डिस्क. प्लेस्टेशन ४, प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्सची डिस्क ज्याच्या हातात, त्याला खेळता येतं. खेळून झाल्यावर ती दुसऱ्याला देता येते. पुस्तकासारखंच आहे.

दुसरं रूप म्हणजे डिजिटल. ऑनलाइन स्टोअरवर पैसे भरायचे आणि गेम डाउनलोड करायचा. हा गेम खात्याला चिकटलेला असतो, तो परत विकता येत नाही. "खातंच विकतो" असं सांगणारे भेटतील. कंपनीच्या अटींत खातं विकायला परवानगी नसते, आणि पासवर्ड दिल्यानंतरही मूळ मालक ते खातं परत आपल्या ताब्यात घेऊ शकतो. अशा व्यवहाराला दुकानात जागा देऊ नका.

तिसरं रूप म्हणजे कोड. कॉम्प्युटरच्या गेमची डबी दिसायला डिस्कसारखीच असते, पण आतला कोड एकदा खात्यावर टाकला की संपला. म्हणून कॉम्प्युटर गेमची जुनी डबी शक्यतो घेऊच नका, तिच्यात बहुतेक वेळा नुसतं प्लास्टिक उरलेलं असतं.

म्हणजे जुन्याचा धंदा फक्त पहिल्या रूपावर उभा आहे, आणि हे रूप कायम राहील अशी कुणाची हमी नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन आणताना डिस्क खात्याला बांधायची आणि दर चोवीस तासांनी इंटरनेटवरून तपासणी करायची अशी योजना जाहीर केली होती. ग्राहक खवळले. सोनीने संधी साधली आणि आपल्या प्लेस्टेशन ४ वर मित्राला गेम कसा द्यायचा याचा एक छोटा व्हिडिओ काढला. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, बस्स. त्याच जून महिन्यात मायक्रोसॉफ्टला माघार घ्यावी लागली. आपल्यासाठी धडा हा की जुना माल विकता येणं ही ग्राहकाच्या दृष्टीने मालाचीच एक किंमत असते. ट्रॅक्टर घेताना शेतकरी "पुढे विकायला गेलं तर किती येतील?" असं विचारतो, तसंच हे.

२. किंमत वेगळी, खर्च वेगळा

आता पेन उचला. खाली दिलेले आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावातले भाव तुम्ही स्वतः टाका.

समजा, एका ग्राहकाने नवा गेम ४००० रुपयांना घेतला. सहा महिने खेळला आणि १८०० रुपयांना विकला. त्याची किंमत ४०००, पण खर्च २२००. तो गेम तो ६० तास खेळला असेल, तर तासाला जवळपास ३७ रुपये पडले.

दुसऱ्याने तोच गेम नंतर तुमच्याकडून जुना १५०० रुपयांना घेतला आणि खेळून झाल्यावर १००० रुपयांना तुम्हालाच परत विकला. त्याचा खर्च ५०० रुपये. ६० तासांचे भागाकार करा, तासाला साडेआठ रुपयेसुद्धा नाहीत.

सूत्र लिहून ठेवा: खर्च म्हणजे खरेदी वजा परत मिळालेली रक्कम. ग्राहकाला हे सूत्र काउंटरवर समजावून सांगता आलं, तर तुमची निम्मी विक्री झाली. "दादा, पंधराशे रुपये खर्च नाही होत तुमचे. पाचशेच होतात. हजार परत न्यायला या." हे वाक्य खरं असलं पाहिजे. तुम्ही खरंच परत घेतलं पाहिजे. परत घेण्याची हमी हाच या धंद्यातला खरा माल आहे, डिस्क तर ऑनलाइनही मिळते.

३. आता दुकानदाराच्या बाजूने बघा

साठ हजारांपैकी चाळीस हजार मालात घालू. वीस हजार हातात ठेवू. ते का, ते पुढे सांगतो.

*मार्ग पहिला: नवा माल.* समजा, एक डिस्क ३६०० ला मिळते आणि ४००० ला विकते. चाळीस हजारांत ११ डिस्क येतात. महिन्याला ५ विकल्या, तर ढोबळ नफा २००० रुपये.

*मार्ग दुसरा: जुना माल.* समजा, सरासरी १००० ला घेतली, १५०० ला विकली. चाळीस हजारांत ४० डिस्क बसतात. महिन्याला २० विकल्या, तर ढोबळ नफा १०,००० रुपये.

इथे बरेच जण एक गफलत करतात. जुन्या डिस्कवर खरेदीच्या हिशेबाने ५० टक्के सुटतात, पण विक्रीच्या हिशेबाने ते ३३ टक्के आहेत. नव्या डिस्कवर खरेदीच्या हिशेबाने ११ टक्के आणि विक्रीच्या हिशेबाने १० टक्के. कुणी "पन्नास टक्के मार्जिन" म्हटलं, तर आधी विचारा, कशावर?

नव्या मालाचा खरा धोका मार्जिनमध्ये नाही, उरलेल्या मालात आहे. समजा, एक नवी डिस्क विकली गेली नाही आणि वर्षभराने तिचा भाव २००० झाला. ३६०० मध्ये घेतली होती, म्हणजे १६०० बुडाले. एका विकलेल्या डिस्कवर ४०० सुटतात. म्हणजेच न विकलेली एक डिस्क चार विकलेल्या डिस्कचा नफा खाते. जुनी डिस्क आधीच पडलेल्या भावात घेतलेली असते, त्यामुळे ती आणखी पडली तरी घाव छोटा बसतो.

हे फक्त आपल्या कागदावरचं गणित नाही. अमेरिकेतली गेमस्टॉप ही दुकानांची मोठी साखळी वर्षानुवर्षं यावरच चालली. २०१० च्या आसपासच्या काळात नव्या गेमवर तिला वीस टक्क्यांच्या आसपास ढोबळ नफा मिळायचा, तर जुन्यावर पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त. नवा गेम गिऱ्हाईक दारात आणायचा आणि पैसा जुना गेम द्यायचा. पुढे लोक डाउनलोड करायला लागले, परत येणाऱ्या डिस्क कमी झाल्या आणि कंपनीला शेकडो दुकानं बंद करावी लागली. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, फक्त पहिली नको.

आता जुन्याच्या दहा हजारांतून खर्च काढा. काउंटरच्या जागेचं भाडं समजा २५००. डिस्क आणायला-पोचवायला प्रवास, पॅकिंग, मोबाईल मिळून १५००. एखादी डिस्क खराब निघाली तर १०००. उरले ५०००. म्हणून स्पष्टच सांगतो: तालुक्याच्या गावी हा धंदा एकट्याने घर चालवणार नाही. मोबाईल रिपेअरिंग, झेरॉक्स, स्टेशनरी असं काही आधीच चालू असेल, तर त्याच काउंटरवर हा जोडधंदा म्हणून बसतो. फक्त यासाठी गाळा घेऊ नका.

४. सगळे गेम सारखे पडत नाहीत

आंबा, कांदा आणि गहू एकाच भावाने एकाच वेगाने सडत नाहीत. गेमचंही तसंच आहे.

- कांद्यासारखे गेम: दरवर्षी नवा भाग येणारे. फुटबॉलचा फिफा (२०२३ पासून त्याचं नाव ईए स्पोर्ट्स एफसी झालं), डब्ल्यूडब्ल्यूई टू-के वगैरे. नवा भाग आला की जुना भाग कोपऱ्यात जातो. फुटबॉलचा गेम सहसा सप्टेंबरच्या आसपास बदलतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मागच्या वर्षीची डिस्क कितीही स्वस्त मिळाली तरी साठा करू नका.
- गव्हासारखे गेम: वर्षानुवर्षं मागणी असलेले. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ हा २०१३ साली आलेला गेम, आणि तो पुढे दहा वर्षं विकला गेला. असे गेम हळू पडतात. सुरुवातीचा साठा यांचाच करा.
- आंब्यासारखे गेम: मोठी गोष्ट असलेला, एकदा खेळून संपणारा नवा गेम. पहिल्या दोन महिन्यांत जुनी डिस्कही चढ्या भावात जाते, नंतर घसरते. आली की लगेच विका, ठेवून घेऊ नका.

क्रिकेटचे गेम आपल्याकडे नक्की विचारले जातात, क्रिकेट १९, क्रिकेट २२, क्रिकेट २४ असे. यांचा नवा भाग दरवर्षी येत नाही, म्हणून ते कांदा आणि गहू यांच्या मधले.

आणखी एक बारकावा. तुमच्या जुन्या डिस्कचा खरा स्पर्धक नवी डिस्क नाही, ऑनलाइन स्टोअरचा सेल आहे. प्लेस्टेशन स्टोअरवर सेल लागला की एखादा जुना गेम मूळ किमतीच्या निम्म्याहूनही खाली जातो. शिवाय २०२२ पासून प्लेस्टेशन प्लसच्या वरच्या योजनांत वर्गणी भरली की अनेक गेम एकत्र खेळायला मिळतात. म्हणून डिस्क विकत घेण्याआधी मोबाईलवर दोन गोष्टी बघायच्या: आज या गेमला सेल आहे का, आणि तो वर्गणीत फुकट आहे का? दोन मिनिटं लागतात, हजार रुपये वाचतात.

५. जुन्या बाजाराचा रोग आणि त्यावरचं औषध

१९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुद्दा आपल्या बैलबाजारातल्या कुणालाही कळेल असा आहे. विकणाऱ्याला मालाची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्यांनाच कमी भाव सांगतो. कमी भावात चांगल्या मालाचा मालक विकायलाच येत नाही. बाजारात खोडीचा मालच उरतो.

तुमच्या काउंटरवरही हेच होणार. पोरगं येईल आणि म्हणेल, "भाऊ, नवी डिस्क चार हजाराची हाय, तुमी हजारच कायले देता?" त्याची डिस्क खरंच चांगली असेल तर तो रागावून जाईल. औषध एकच: दोघांच्या समोर तपासणी आणि लेखी शब्द.

तपासणी अशी करा:

1. डिस्क उजेडात तिरपी धरा. गोलाकार ओरखडा हा आतून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषेपेक्षा वाईट.
2. काउंटरवर एक जुना चालू कन्सोल आणि छोटा टीव्ही ठेवा. डिस्क टाकून गेम सुरू होईपर्यंत थांबा. नुसता मेनू दिसला म्हणजे झालं असं नाही, पाच मिनिटं खेळून बघा.
3. डबी, आतलं कव्हर आणि डिस्कवरचं नाव जुळतं का ते बघा. डबी एकाची, डिस्क दुसऱ्याची असं फार होतं.
4. डबीत आलेला जादा कोड वापरलेला आहे असंच धरा. विकताना ग्राहकाला तोंडी सांगा आणि बिलावरही लिहा.
5. गेम पूर्ण डिस्कवर आहे की डाउनलोड लागतं ते माहीत करून घ्या. २०२२ च्या कॉल ऑफ ड्युटी मॉडर्न वॉरफेअर २ च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी डेटा होता, बाकी सगळं इंटरनेटवरून. संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या खेड्यात मोबाईलच्या डेटावर चालणाऱ्या ग्राहकाला ही डिस्क दिलीत, तर तो शिव्या तुम्हाला घालेल, कंपनीला नाही.
6. ग्राहकाला विचारा, कन्सोल कोणता? प्लेस्टेशन ४ ची बहुतेक डिस्क प्लेस्टेशन ५ वर चालते, पण प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल एडिशनला डिस्क टाकायची जागाच नाही.

ओरखड्यांबद्दल एक खास सूचना. जुन्या सीडीला टूथपेस्ट लावून घासायचा घरगुती उपाय अनेकांना माहीत आहे. सीडीत माहितीचा थर वाचायच्या बाजूपासून साधारण १.२ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे वरचं प्लास्टिक थोडं घासलं तरी चालून जायचं. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या डिस्क ब्लू-रे असतात आणि त्यांच्यात तो थर फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो. वरचा लेप कडक असतो, सहज ओरखडा पडत नाही. पण खोल पडला तर घासून दुरुस्त करायच्या नादी लागू नका. अशी डिस्क घेऊच नका.

लेखी शब्द म्हणजे सात दिवसांची चालण्याची हमी. सात दिवसांत अडली तर पैसे परत. आपण मघाशी खराब डिस्कचे हजार रुपये खर्चात धरले ते यासाठीच. आणि हातात ठेवलेले वीस हजार? त्यातले काही या परताव्यासाठी, बाकीचे अचानक चांगला माल आला तर घेण्यासाठी. जुन्याच्या धंद्यात खिशात रोकड नसलेला माणूस चांगला सौदा दुसऱ्याच्या दुकानात जाताना बघत बसतो.

६. माल कुठून आणि कधी घ्यायचा?

आपल्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन बाजार धरा. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा. एका ठिकाणी बसून दुसरीकडचा माल येत नाही. खामगावच्या मोबाईलवाल्याने मेहकरच्या मोबाईलवाल्याशी अदलाबदल ठरवली, तर दोघांच्या काउंटरवर न खपणारा माल फिरता राहतो. पैसा न घालता साठा बदलतो.

हंगामही असतो. जानेवारी ते मार्च परीक्षांचे दिवस. घरचे ओरडतात, पोरं डिस्क विकतात, तेव्हा घ्या. एप्रिल-मे सुट्ट्या, तेव्हा विका. दिवाळीत गावी आलेली पोरं विकतातही आणि घेतातही. तेव्हा रोकड आणि माल दोन्ही तयार ठेवा.

नवा माल अजिबातच ठेवायचा नाही का? ठेवायचा, पण ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घेऊन मागवायचा. वाढदिवसाची भेट सीलबंदच हवी असते, आणि नवा गेम पहिल्याच आठवड्यात हवा असणारा ग्राहक असतो. त्याच्याकडून हजार रुपये घ्या, मागवून द्या. आणि कंट्रोलर मात्र नवाच विका. जुन्या कंट्रोलरची स्टिक हात न लावता आपोआप सरकायला लागते, आणि हा दोष पाच मिनिटांच्या तपासणीत नेहमी दिसतोच असं नाही.

७. कायद्याच्या बाजूने

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका.

चोरीचा माल. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. एक रजिस्टर ठेवा: तारीख, गेमचं नाव, विकणाऱ्याचं नाव, मोबाईल, ओळखपत्राचा प्रकार, दिलेली रक्कम, सही. पैसे यूपीआयने द्या, पुरावा आपोआप राहतो.

लहान मुलं. १८ वर्षांखालील मुलाशी केलेला करार १८७२ च्या करार कायद्यानुसार टिकत नाही. कायदा सोडा, माणुसकीने बघा. बापाने चार हजार घालून आणलेला गेम पोरगं आठशेला विकून गेलं आणि संध्याकाळी बाप दुकानात आला, तर तुमची गावातली पत किती रुपयांना गेली? नियम करा: लहान मुलगा विकायला आला की आधी घरी फोन.

भाड्याने देणं. "विकण्यापेक्षा दिवसाला पन्नास रुपये भाड्याने देऊ" ही कल्पना सगळ्यांना सुचते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १४ नुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅम व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क मूळ हक्कदाराचा आहे. डिस्क तुमची झाली म्हणजे तो हक्क तुमचा झाला असं नाही. तसंच गेम पार्लर. कन्सोल कंपन्यांच्या अटी वैयक्तिक, घरगुती वापरासाठी असतात. तासावर पैसे घेऊन खेळवणं त्यात बसत नाही. पार्लर काढायचंच असेल, तर कॉम्प्युटर गेमसाठी स्टीमसारख्या स्टोअरची कॅफेसाठी वेगळी योजना आहे, ती बघा. आणि नगरपरिषद, पोलीस ठाणे, जिल्हाधिकारी कार्यालय यांच्याकडे परवानगीची चौकशी आधी करा, टीव्ही नंतर घ्या. जुन्या डिस्कच्या विक्रीवरून जपानमध्ये कंपन्या आणि दुकानदार कोर्टात गेले होते. २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल आपल्याला लागू नाही, पण विक्री आणि भाडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा.

नकली माल आणि पैज. कॉपी केलेल्या डिस्क आणि कन्सोल "क्रॅक" करून देणं, दोन्हीला हात लावू नका. काउंटरवर पैशांची पैज लावून खेळू देणं तर मुळीच नाही.

नोंदणी. दहापेक्षा कमी कामगार असतील, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तीच आपली गुमास्ता पावती. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. जीएसटीची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला ४० लाख उलाढाल, पण राज्याबाहेर माल विकायला लागलात तर नोंदणी आधी घ्यावी लागते. नोंदणी झाल्यावर जुन्या मालासाठी एक चांगला नियम आहे, सीजीएसटी नियम ३२(५). त्यात जुन्या मालावरचा कर पूर्ण विक्री किमतीवर लागत नाही, खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. अट अशी की खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेलं नसावं. हजाराला घेतली, दीड हजाराला विकली, तर कर पाचशेवर. पण हजाराला घेतली हे दाखवणार कशावरून? रजिस्टरवरून. बघा, तेच रजिस्टर दोनदा कामी आलं.

कर्ज. मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं, पण बँक कोटेशन आणि बिल मागते. घरोघरी घेतलेल्या डिस्कचं कोटेशन कोण देणार? म्हणून कर्ज घ्यायचंच असेल तर ते काउंटर, टीव्ही, इन्व्हर्टर अशा बिल मिळणाऱ्या वस्तूंसाठी घ्या. जुना माल स्वतःच्या पैशाने, थोडा थोडा भरा.

८. मग निर्णय काय?

- साठा जुन्याचा, नवा माल फक्त आगाऊ रकमेवर.
- सुरुवात चाळीस डिस्कने नको, दहाने करा. दहा डिस्क म्हणजे दहा हजार. त्या किती दिवसांत फिरल्या ते लिहा.
- जी डिस्क साठ दिवस हलली नाही, ती खरेदीच्या भावाला काढा. नव्वद दिवस झाले, तर तोट्यात काढा. अडकलेला हजार सुटला की पुन्हा कमावतो.
- दरवर्षी हिशेब मांडा: परत येणाऱ्या डिस्क वाढतायत की कमी होतायत? लागोपाठ दोन वर्षं कमी झाल्या, तर बाजार डाउनलोडकडे गेला असं समजा आणि साठा आटोपता घ्या. जोडधंदा वेळेवर बंद करता येणं हीसुद्धा धंद्याची अक्कल आहे.

गृहपाठ

एक वही घ्या आणि पंधरा दिवसांत एवढं करा. आपल्या तालुक्यात कन्सोल असलेली वीस घरं किंवा खोल्या शोधा. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा: कन्सोल कोणता, खेळून झालेल्या डिस्क किती, आणि शेवटचा गेम डिस्कवर घेतला की डाउनलोड केला? वीस घरं सापडली नाहीत, तर हा धंदा तुमच्या गावात सध्या नाही. साठ हजार वाचले, हाही फायदाच. सापडली आणि निम्म्याहून जास्त जणांनी "डिस्क" म्हटलं, तर दहा डिस्कने सुरुवात करा.

तुमचे आकडे व्हिडिओखाली लिहा, गावाच्या नावासकट. पुढच्या धड्यात हेच सूत्र आपण जुन्या मोबाईलला लावून बघणार आहोत. तोपर्यंत वही जपून ठेवा.